भरतीची पावडर

डुबुक. साबणाची वडी बादलीत पडली आणि दुपारची शांतता मोडली.

"काय पाडलंस गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. झोपा तुम्ही."

तिच्या हातात तिचाच कालचा कुर्ता होता. बाहीला आतून एक चिठ्ठी चिकटलेली. हिरवी.

जंताच्या गोळ्या करणाऱ्या कारखान्यात ती सहा वर्षं वजनाच्या खोलीत होती. तिथे पावडरी दोनच जातींच्या. जंत मारते ती कामाची; गोळीला आकार नि गोडी देणारी स्टार्च, साखर वगैरे सगळी भरतीची. "आपण दोघी भरतीच्याच गं," असं तिची सोबतीण डबा खाताना म्हणायची आणि दोघी हसायच्या. वजन झालं की पिंपाला चिठ्ठी लावायची. कामाचीला हिरवी, भरतीला पांढरी.

काल सलग दुसरी पाळी होती. उभ्या उभ्या डोळा लागत होता. हिरवी चिठ्ठी इथे, म्हणजे ती पिंपाला लागलीच नाही; मग शेवटच्या पिंपात काय गेलं? पावडरी दोन्ही पांढऱ्याच. काटा वजन सांगतो, नाव सांगत नाही.

तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, काल शेवटच्या पिंपात कामाची पडली की स्टार्चच दोनदा पडलं, माझी खात्री नाही."

"वजन भरलं होतं ना?"

"भरलं होतं."

"मग झालं तर! चिठ्ठ्या काय, कुठेही चिकटतात. फाडून टाका. लिहून दिलंत तर पहिली तुमची नोकरी जाईल, बाई."

"लहान मुलं खाणार आहेत, साहेब."

"स्टार्चने कोणी मरत नाही."

"जंतही मरत नाहीत ना."

मग साहेब थकल्या आवाजात म्हणाले, "या मग. लिहून द्या. अडवतो माल."

ओले हात पुसून ती चपला घालत होती, तेवढ्यात लेक शाळेतून उड्या मारत आली.

"आई, आज सगळ्यांना जंताची गोळी दिली! तुमच्या कारखान्यातली! मी सांगितलं वर्गात, माझ्या आईने केलीये म्हणून. माझ्या बाकावरची मुलगी थुंकणार होती, मी तिला चावायलाच लावली." मग तिचं चपलांकडे लक्ष गेलं. "परत कुठे चाललीस?"

थापा मारायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"कालच्या गोळ्यांत, अजून कारखान्यातच आहेत त्यांत, औषध घालायचं राहिलं की काय, ते बघायला."

लेकीने दप्तर खाली ठेवलं. जीभ दातांवरून फिरवून पाहिली.

"मग माझ्या गोळीत होतं ना गं?"