रेगिनेबाईंची नोकरी

व्हिएन्नाच्या डॉ. लोथार ग्र्यूनफेल्डना मँचेस्टरला आणायची सगळी तयारी झाली होती. ज्यू म्हणून तिथल्या विद्यापीठानं त्यांना हाकललं होतं. बटाट्यावरच्या बुरशीचा त्यांच्याइतका अभ्यास कुणाचा नव्हता, म्हणून आमच्या प्राध्यापक हेस्केथनी त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत जागा केली. मी हेस्केथांची सेक्रेटरी. व्हिसाची धावपळ माझ्याकडे होती.

आणि ऐन वेळी डॉक्टरांनी कळवलं, "आईला सोडून येणार नाही."

हेस्केथ वैतागले. "एनिड, निर्वासितांना आणणारी समिती फक्त शास्त्रज्ञांना मदत करते. म्हाताऱ्या आईचं काय करायचं?"

घरकामाच्या बायकांना तेव्हा इंग्लंडात यायचा परवाना मिळत असे. मी बक्स्टनला मॉडमावशीकडे गेले.

"मला कशाला स्वयंपाकीण?" मावशी म्हणाली. "माझे हात काय झडलेत?"

"नावापुरती गं. नाहीतर ती तिथेच अडकेल. मुलगाही येणार नाही."

मावशीनं हातातलं पीठ झटकलं. "कुठे सही करू ते दाखव. पण माझ्या चुलीला हात लावायचा नाही म्हणावं."

एकोणचाळीसच्या मार्चमध्ये दोघं आली. मायलेक स्टेशनवर एकमेकांचा हात सोडायला तयार नव्हते. डॉक्टर मँचेस्टरला राहिले, त्यांच्या आईला, रेगिनेबाईंना, मी बक्स्टनला पोचवलं. ताठ मान, फरची कॉलर. राजवाड्यात पाहुणी आल्यासारख्या त्या मावशीच्या घरात शिरल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हट्टानं बटाटे उकडायला ठेवले. पाणी आटलं, पातेलं काळंठिक्कर झालं.

"बाई, जन्मात कधी चूल पाहिली होतीत का?" मावशीनं विचारलं.

"पाहिली होती," रेगिनेबाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "लांबून."

मावशीला इतकं हसू आलं, की ती खुर्चीत बसली. त्या दिवसापासून मावशी रांधायची आणि रेगिनेबाई टेबलाशी बसून मुलाच्या शोधनिबंधांसाठी बुरशीची चित्रं काढायच्या. त्याच्या प्रत्येक निबंधातली चित्रं त्यांचीच होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मे महिन्यात परदेशी लोकांची चौकशी करायला एक हवालदार दारात आला. मी तिथेच होते. मावशीनं आपला एप्रन सोडून रेगिनेबाईंच्या गळ्यात अडकवला आणि त्यांच्या हातातला कुंचला काढून पळी दिली.

"ह्याच का स्वयंपाकीण?"

"ह्याच. बसा, पाई खाऊन जा."

मावशीनं सकाळी मटण भरून भाजलेली पाई त्यानं दोनदा मागून घेतली. रेगिनेबाईंच्या बोटांना लागलेला हिरवा रंग त्याला दिसला असणार, पण त्यानं वहीत 'स्वयंपाकीण' एवढंच लिहिलं.

"हिला सोडू नका हं," जाताना तो म्हणाला.

"सोडते की काय!" मावशी म्हणाली.

दार लागताच रेगिनेबाईंनी दोन्ही हातांनी मावशीचा चेहरा धरला आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. मावशी लाजून चूर. असं तिला कुणी कधी केलंच नव्हतं.

सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी डॉक्टरही आले होते. रेडिओवर युद्धाची घोषणा झाली. रेगिनेबाईंनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग मावशीनं रेडिओ बंद केला.

"रेगिने, ताटं घे. लोथार, तू खुर्च्या ओढ. मटण थंड होतंय."

आम्ही चौघं जेवायला बसलो.