पिवळीवरचं पाणी

बाबांची गाडी पिवळी होती आणि तिचं नावही पिवळीच होतं. तसल्या रंगाची दुसरी गाडी आमच्या गावात नव्हती. चोवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे बाबांना सगळे ओळखतच होते. मी पिवळी घेऊन बाहेर पडले की मी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असे.

"सर, तुमची गाडी दुपारी तळ्याकाठी उभी दिसली. सगळं ठीक ना?"

तळ्याकाठी मी आणि एक मैत्रीण शेंगा खात बसलो होतो. घरात त्याची चौकशी तीन दिवस चालली.

कंबरेमुळे बाबांना आता फार वेळ गाडी चालवता येत नव्हती, आणि मला रोज कामावर जायला गाडी हवी होती. फक्त ती पिवळी नको होती. मी करडा रंग द्यायचं ठरवलं.

"करडा म्हणजे रंग नव्हे," बाबा म्हणाले. "रंग संपल्यावर जे उरतं ते."

बऱ्याच वाटाघाटींनंतर तह झाला. पत्रा मी स्वतः तयार करायचा. समोर राहणारे पेंटरकाका रविवारी सकाळी दहा वाजता येऊन तपासतील. ते पास म्हणाले तर गाडी माझी आणि रंगही माझा. नापास म्हणाले तर बाबा तिला पुन्हा पिवळी करणार, आणि किल्ली त्यांच्याकडेच राहणार.

पेंटरकाकांची परीक्षा एका ओळीची होती. "पत्र्यावर पाणी ओतायचं. सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन बसलं तर मेण आहे, तेल आहे, काहीतरी आहे. त्यावर रंग मारला की बारीक गोल खळगे पडतात. मग माझं नाव खराब होतं. स्प्रेचं मशीन मी तसल्या पत्र्याला देत नाही."

मी आठवडाभराची रजा काढली. दिवे, आरसे, नंबरप्लेट उतरवली. पोचे आलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वॉटर पेपरने घासली. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा बोटांना सपाट लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग डोळे मिटून हात फिरवत राहिले. आई दारातून म्हणाली, "एवढ्या मायेने कधी माझे पाय नाही चेपलेस."

गुरुवारी संध्याकाळी सगळा पत्रा मंद, धुरकट दिसायला लागला. साफ करायच्या द्रावणाने पुसून घेतला आणि तांब्याभर पाणी ओतलं. बॉनेटवर पाण्याची अखंड चादर पसरली. मी शांत झोपले.

शुक्रवारी सकाळी सहज पुन्हा ओतलं, तर सगळीकडे टपोरे थेंब.

मला वाटलं, माझंच पुसणं कमी पडलं. दिवसभर पुन्हा पुसलं. संध्याकाळी चादर नीट पसरली. या वेळी गाडीची डावी बाजू मी कागद लावून, टेपने बंद केली. उजवी उघडी ठेवली. शनिवारी सकाळी कागद काढला तर डावीकडे पाणी सलग आणि उजवीकडे थेंब.

म्हणजे दोष पुसण्यात नव्हता. गॅरेजची खिडकी स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून आहे. मी हिशेब केला आणि आईला सांगितला.

"माझं तळण?" आई म्हणाली. "सोमवारपासून कढई चढली नाही या घरात. तुझे बाबा मिळमिळीत जेवण जेवून कंटाळलेत."

"मग हवेतून काय येतंय?"

"हवेतून." आईने हातातला चमचा खाली ठेवला. "शिकलीस खरी. पुन्हा पूस आणि उद्या सकाळी चहाच्या आधी खाली जाऊन बघ."

रविवारी साडेपाचला मी खाली गेले. गॅरेजचा दिवा लागलेला होता. बाबा पिवळीच्या उजव्या दाराशी वाकून, हातातल्या मऊ फ्लॅनेलच्या फडक्याने गोल गोल पुसत होते. अठरा वर्षं ते रोज चहाच्या आधी हेच करत आले होते. ते मला इतकं सवयीचं झालं होतं की त्यांना वगळून मी हवेला दोष दिला.

"बाबा."

ते दचकले नाहीत. खरोखरच काही चुकतंय असं त्यांना वाटत नव्हतं. "पॉलिश बंद केलंय मी," ते म्हणाले. "डबी उघडलेली नाही. फक्त धूळ झटकतोय. केवढी धूळ करून ठेवली आहेस."

मी फडकं हातात घेतलं. ते फडकं राहिलंच नव्हतं. अठरा वर्षांचं मेणाचं पॉलिश पिऊन ते साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं.

बाबांनी ते बोटांत चोळून पाहिलं. मग दारावर तांब्या रिकामा केला. थेंब अगदी देखणे होते.

"हात गेला गं," ते म्हणाले.

"हात गेला म्हणे," मागून आई म्हणाली. "कपबशीकडे कधी जात नाही तो."

दहाला साडेचार तास होते. एकटीने ते होणार नव्हतं. द्रावणाचं फडकं फिरवायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं, नाहीतर सुटलेलं मेण परत तिथेच बसतं. शुक्रवारी आणि शनिवारी मी दोन्ही हात वापरून, तुकड्या-तुकड्याने केलं होतं. आता दुसरा माणूस लागणार होता, आणि समोर होता तो नापासाच्या बाजूचा.

बाबांनी बाह्या दुमडल्या. आईने जुन्या चादरी फाडून दिल्या. मी ओलं फिरवायचं, त्यांनी मागोमाग टिपायचं. दोनदा टिपलं की ते नवा तुकडा घेत होते. शाळेत डस्टरसुद्धा कुणाला झटकायला न सांगणारा माणूस माझ्याकडून फडकी घड्या घालून मागत होता.

साडेनऊला मी हुश्श म्हणून स्टुलावर बसले. झालं होतं.

बाबा मात्र गाडीभोवती फिरत राहिले. मागे जाऊन थांबले. गप्प राहिले असते तर गाडी त्यांचीच होती.

"डिकीच्या कडेला, रबराच्या खाली," ते म्हणाले. "तिथे बोटाने दाबून पॉलिश भरायचो मी. आणि हँडलच्या खोबणीत. पेंटर पहिला तिथेच ओतणार."

रबर उचललं तर खाली पांढरी, घट्ट रेघ होती. आम्ही ती काड्यांना चिंधी गुंडाळून काढली.

पेंटरकाकांनी खरंच पहिलं पाणी डिकीच्या कडेला ओतलं. मग हँडलवर, मग टपावर. चष्मा वर करून ते बराच वेळ खाली वाकून बघत होते.

"पास," ते म्हणाले. "सर, तुमची पोरगी कामाची आहे."

"तिची गाडी आहे," बाबा म्हणाले. "करील नाहीतर काय."

मशीन आलं. करड्या रंगाच्या आधीचं अस्तर ढवळून झालं. बाबांनी तोंडाला मास्क बांधला, मशीनच्या नळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"पहिला हात मी मारला तर चालेल का?"

या गाडीबद्दल त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"मागचं डावं दार घ्या," मी म्हणाले. "चुकलं तरी गॅरेजात ते भिंतीकडे असतं."