उताणा निजलेला गाळ

जाड पत्र्याच्या त्या खोलीत पृथ्वीच्या चुंबकालाही मज्जाव होता. होकायंत्र आत नेलं की बिचारं भ्रमिष्टासारखं कुठंही बघत बसे. प्रयोगशाळेतली सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांची धाकटी, तिथं समुद्रतळाच्या गाळाच्या इवल्या ठोकळ्यांतलं चुंबकत्व मोजायची. हल्ली तिला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडत. काळ्या पाण्यातून लोखंडाचे कण हलके हलके खाली येताहेत, उत्तरेकडे डोकं करून, ते जरा खाली झुकवून निजताहेत. आणि अख्खा तळ, गाळाच्या पांघरुणासकट, शेजारच्या जमिनीच्या पोटाखाली सरकतोय, नख वाढावं इतक्या सावकाश. जाता जाता तो वळला की निजलेल्यांची डोकीही वळतात. किती वळली, तेच तिला मोजायचं होतं.

"शेवटचे सात ठोकळे बाकीच्यांशी जुळले, तर गाळ आणायला जाणाऱ्या पुढच्या जहाजावर तुझी जागा पक्की," सर म्हणाले होते. समुद्र तिनं आजवर फक्त डब्यातून आलेला पाहिला होता.

सातही जुळेनात. बाकीच्यांची डोकी खाली झुकलेली, हे सात मात्र आभाळाकडे टक लावून!

ट्रे धुणाऱ्या मावशींनी, ते सात ठोकळे कापून उरलेल्या गाळाच्या तुकड्यावर, बाणाशेजारून अंगठा फिरवला. "हे काय गं? खरखरीत वर नि मऊ खाली? रेती आधी बसते, चिखल मागून. माझ्या मोरीत रोज बघते मी."

धाकटीनं तुकडा उचलून पाहिला. वरची बाजू दाखवणारा बाण तिनंच काढला होता, अशाच तंद्रीत. तोही उलटा.

"गुपचूप आकडे फिरव की," मावशींनी डोळा मारला. "चिखल काय चहाडी करणारे?"

"मग जहाजावर मला झोप नाही लागायची."

"झोप? तू जागी कधी असतेस!"

धाकटी गेली आणि सरांना सगळं सांगून मोकळी झाली. सरांनी गाळ कापण्याआधीचा जुना फोटो शोधून काढला. रेती खालीच होती. ठोकळे सुलटे धरून हिशेब केला, तर सातही निमूट बाकीच्यांच्या रांगेत येऊन निजले.

सरांनी टेबलावरचा बाण काढायचा मार्कर उचलून आपल्या खिशात टाकला. मग म्हणाले, "जागा दिली. पण जहाजावर मार्करला हात लावलास, तर समुद्रात टाकीन."

"मार्कर की मला?"

"आधी मार्कर."

"येताना मऊ गाळच आण," मावशींनी बजावलं. "रेतीनं मोरी तुंबते."

धाकटीनं मान डोलावली, पण ती तिथं होती कुठं? ती केव्हाच काळ्या पाण्यातून हलके हलके खाली निघाली होती.