ओठांवरचं पीस

चर्चच्या दारात रांग लागली होती, आणि रांगेतल्या प्रत्येक बाईच्या कुशीत मेलेलं बाळ होतं.

पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. बाप्तिस्म्याविना, म्हणजे पवित्र पाणी शिंपडून नाव ठेवल्याविना, स्वर्ग नाही, असं तेव्हा शिकवत. आणि मेल्या जिवाला बाप्तिस्मा देत नसत. या चर्चमधल्या वेदीवर मात्र मेलेलं बाळ क्षणभर जिवंत होई म्हणे! धर्मगुरू त्याच्या ओठांवर पीस ठेवत. पीस हललं की ओरडत, "श्वास आला! पाणी आणा!" बाप्तिस्मा उरकला की बाळ मुकाट्याने पुन्हा मरे.

पाववाल्याची धाकटी बहीण दोन दिवस चालत आली. तिची पाळी शेवटी आली. पीस हललं नाही.

"आईच्याच पोटी पाप आहे," धर्मगुरू सगळ्यांदेखत म्हणाले. "उचल हे."

"फादर, पाया पडते, अजून एकदा बघा ना!"

"सांगितलं ना, उचल!"

नवऱ्याने बाळ दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं आणि तिला भावाच्या दारात आणून सोडलं. "ही पापीण तुमची तुम्हाला लखलाभ!" ती भट्टीपाशी बसून स्वतःच्या पोटावर बुक्क्या मारी.

भट्टीच्या तोंडाशी सांडलेलं पीठ वारा नसतानाही वर उडत होतं. भाऊ ते बघत राहिला.

रविवारी तोच गाठोडं घेऊन रांगेत शिरला. धर्मगुरूंनी चेहऱ्याकडे धड पाहिलंही नाही. पीस ठेवलं. ते थरथरलं, उडालं!

"श्वास आला!" लोक गुडघ्यांवर पडले. पाणी शिंपडलं गेलं. "नाव काय ठेवायचं?"

"पाव," तो म्हणाला आणि फडकं सोडलं. आत नाक-ओठ कोरलेला कणकेचा गोळा होता, उबेने टम्म फुगलेला. त्याने वेदीची भोकं पाडलेली फळी उचकटली. खाली निखारे फुलले होते. "माझ्या बहिणीच्या वेळी हे विझले होते, फादर. पाप कुणाचं?"

पहिला दगड धर्मगुरूंनी नाही, एका आईने मारला. "माझं लेकरू स्वर्गात आहे, मेल्या!" मग सगळ्याच तुटून पडल्या. दोन दात पाडून घेऊन तो घरी आला.

बहिणीने सगळं ऐकलं. "म्हणजे कुणाचंच बाळ जिवंत झालं नव्हतं?"

"कुणाचंच नाही, बाई."

"मग माझ्यात पाप नव्हतं?"

"नव्हतं गं."

ती तेव्हा प्रथमच बाळासाठी रडली.

गरम हवा वर जाते. तिला ना पाप कळतं, ना पुण्य. कुणी तुमच्या दुःखाला पाप म्हणालं, तर मान खाली घालू नका. आधी त्याच्या वेदीखाली हात घालून बघा.