वावळ्याचं धनुष्य

सांडूभाऊंच्या मनात शफीभाईविषयी संशय शिरला तो माप घेण्याच्या दिवशीच.

पिशोरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी. दसऱ्याला सगळी वाडी शिवेवर जमते. मानकरी धनुष्य कानापर्यंत ओढून कोहळ्यात बाण मारतो आणि मगच सोनं लुटतात. आजे-पणजे अशाच धनुष्यानं रानात शिकार करायचे. आता शिकारीला बंदी, तेव्हा रानडुकराच्या वाट्याचा बाण बिचारा कोहळा खातो. मान सांडूभाऊंच्या घरात. नियम एकच, पण कडक: धनुष्य हातात मोडलं किंवा दोरी कानापर्यंत आली नाही, तर मान भावकीतल्या दुसऱ्या घरात जातो आणि परत येत नाही. दुसरं घर म्हणजे पुतण्या शिवराजचं. शिवराज शेंद्र्याला कारखान्यात सुपरवायझर. गडी दणकट, आणि बाह्या दुमडून ते दाखवायची हौसही दांडगी.

जुन्या धनुष्याला माळ्यावर किडा लागला म्हणून यंदा नवं करायचं होतं. ते करणार शफीभाई सुतार. त्याच्या बापानं, आज्यानंही वाडीची धनुष्यं केलेली. लाकूड वावळ्याच्या झाडाचंच. ओल्या वावळ्याचा असा वास मारतो की जवळ उभं राहवत नाही, पण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. वाकतो, सहजी फाटत नाही. हिवाळ्यात तोडलेली फांदी टोकांना शेण लिंपून सावलीत वाळत ठेवली होती.

माप घेताना शफीभाईनं सुतळीचं एक टोक सांडूभाऊंच्या डाव्या मुठीत दिलं आणि दुसरं उजव्या हातानं कानापर्यंत ओढायला सांगितलं. हात हनुवटीपाशीच अडला. खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. सांडूभाऊंनी डोकं वळवून कानच हाताजवळ नेला आणि म्हणाले, "झालं." शफीभाईनं सुतळीकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, जिथं कान असायला हवा होता तिथं गाठ मारली आणि गप्प राहिला. एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. चहात साखर कमी पडली तरी अर्धी वाडी ऐकेल इतकं बोलायचा.

खांद्याचं दुखणं फक्त बायकोला, चतुराबाईला ठाऊक होतं. संभाजीनगरला डॉक्टरकडं जातानाही सांडूभाऊंनी वाडीत चष्म्याचं निमित्त सांगितलं होतं. हाताला मालिश करून घेतली, दसऱ्यापुरता हात साथ देईल अशी आशा धरली आणि जीव टांगणीला लावून बसले.

त्यानंतर ते या ना त्या निमित्तानं शफीभाईच्या अंगणात जाऊ लागले. शफीभाई कच्चं धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर आडवं टांगायचा, कामापुरत्या बांधलेल्या दोरीला दगडांची टोपली अडकवायचा आणि लांब उभा राहून बघायचा. मग खाली काढून काचेच्या तुकड्यानं आतली बाजू किसायचा. पुन्हा टांगायचा, पुन्हा किसायचा. पायाशी कीस साचत होता आणि धनुष्य बारीक होत चाललं होतं.

"लई पातळ नाय का होत, शफीभाई?"

"होऊ द्या."

एवढंच उत्तर. थोरल्या आज्याचं धनुष्य मनगटाएवढं होतं, असं सांडूभाऊ ऐकत आले होते.

रात्री जेवताना त्यांनी चतुराबाईपुढं मन मोकळं केलं. शफीभाईच्या पोराला, नोमानला शेंद्र्यात कामाला कुणी चिकटवलं? शिवराजनं. मग धनुष्य कुणाच्या हातात मोडायचं आणि मान कुणाच्या घरी जायचा, हे काय वेगळं सांगायला हवं?

"शफीभाई आपल्या हातचं काम आपणच मोडतील व्हय?" चतुराबाई म्हणाली. "काहीतरीच तुमचं."

हिला त्याचा इतका कळवळा कशाला, हेही सांडूभाऊंनी मनात टिपून ठेवलं. संशय एकदा घरात शिरला की घरच्यांनाही सोडत नाही.

दसरा दोन दिवसांवर आला. सांडूभाऊ गेले तर शफीभाईच्या दारात शिवराजची मोटारसायकल. आत शिवराज खाटेवर ऐसपैस बसून चहा पीत होता आणि शफीभाई समोर धनुष्य मांडीवर घेऊन किसत होता. सांडूभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बास कर," ते म्हणाले. इतक्या वर्षांत शफीभाईला त्यांनी कधी एकेरी हाक मारली नव्हती. "आता एक कीसबी काढायचा नाय. आण इकडं."

शफीभाईचा हात थांबला. "सांडूभाऊ, थोडं काम राहिलंय."

"काय राहिलंय ते कळतंय मला."

शफीभाईनं तोंड उघडलं, खाटेवरच्या शिवराजकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. सांडूभाऊंना काय ते समजलं. निदान त्यांना तसं वाटलं. धनुष्य उचलून ते घरी आले. वाटेत ते हाताला चांगलं जड लागलं आणि फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं. मानाची दोरी शिवेवरच चढवायची रीत, म्हणून घरी ओढून बघायचा प्रश्नच नव्हता.

दसऱ्याला शिवेवर शफीभाईनं गुडघ्याचा जोर लावून दोरी चढवली आणि सांडूभाऊंकडं न बघता धनुष्य दिलं. सांडूभाऊंनी ओढलं. दोरी छातीपर्यंत आली. पुन्हा ओढलं, हनुवटीच्या अलीकडं थांबली. धनुष्य मोडायचं नावच घेत नव्हतं. तिसऱ्यांदा खांद्यात कळ उठली आणि बाण पायाशी गळून पडला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिवराज पुढं आला, "काका, द्या," म्हणाला, आणि बाण कोहळ्यातून आरपार गेला.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन सांडूभाऊ शफीभाईच्या अंगणात गेले. भांडायलाच गेले होते. भिंतीच्या खुंटीला टोपली अजून लटकत होती. आत मोजके दगड, एखादी पोरही उचलेल एवढेच.

"एवढ्याशा वजनावर धनुष्य बघत होतास?"

"तुमच्या खांद्याला झेपंल तेवढंच भरलं होतं," शफीभाई म्हणाला. "किसून किसून तेवढ्यावर दोरी तुमच्या मापाच्या गाठीपर्यंत आणायची होती. चार बोटं राहिली होती."

सांडूभाऊ ओट्यावर बसले. पानं हातातच राहिली. "मग त्या दिवशी बोलला का नाय?"

"शिवराज बसला होता ना समोर. त्याच्यापुढं तुमच्या खांद्याचं बोलू?"

सांडूभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "अजून किसता येईल, शफीभाई?"

"येईल की." शफीभाईनं टोपली खुंटीवरून काढली आणि दगड अंगणात ओतले. "पण धनुष्य आता शिवराजच्या घरात हाय. त्याला विचारून या."