टायगरचं डावं मडगार्ड

उत्तमरावांना फेब्रुवारीत लकव्याचा झटका आला. सौम्य होता. पाय दोन महिन्यांत ताळ्यावर आला, वाचा गेलीच नव्हती, पण उजव्या हाताची बोटं ऐकेनात. शर्टाची बटणं गीताबाईंना लावून द्यावी लागत. चिखलीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं, की तूरडाळ आणि हरभराडाळ एका ताटात मिसळायची आणि रोज बोटांनी वेगळी करायची.

उत्तमराव तेवीस वर्षं फौजेत होते. आज्ञा म्हणजे आज्ञा. रोज सकाळी ते ताटापुढे बसत, दीड तासात दोन ढीग करत आणि बायकोला दाखवत. गीताबाई "बरं" म्हणत आणि दोन्ही ढीग पुन्हा एक करत. सोळाव्या दिवशी उत्तमरावांनी ताट बाजूला सारलं.

"केलेलं काम रोज मोडून ठेवतेस तू. मले हे जमणार नाई," ते म्हणाले.

गीताबाईंनी पुण्याला मुलीला फोन लावला. अनुपमा तिथे एका कंपनीत नोकरीला होती. ती म्हणाली, बाबांना आवडेल असं काहीतरी बोटांचं काम शोधू. त्यांना काय आवडतं? गीताबाईंनी बराच विचार केला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, त्यातली निम्मी नवरा राजस्थानात होता.

"टँक," त्या शेवटी म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी गावात, अमडापूरच्या स्टँडवर खोका आला. आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले चारशे बारा भाग होते, आणि जोडल्यावर वीतभरापेक्षा थोडा मोठा रणगाडा होणार होता. झाकणावर बर्फातून येणाऱ्या रणगाड्याचं चित्र होतं आणि नाव होतं टायगर.

"हा जर्मनाचा हाये," उत्तमरावांनी फोनवर सांगितलं.

"टँकच आहे ना, बाबा?"

"मी टी-बहात्तर चालवत होतो. तो रशियाचा. रशियाची अन् यायची लढाई झाली होती."

"मग परत पाठवू का?"

उत्तमरावांनी डाव्या हाताने एक चौकट उचलून उजेडात धरली. तिच्यावर चाकं होती. चाकांना नखाच्या टोकाएवढे बोल्ट होते, आणि ते बरोबर मोजून घातलेले दिसत होते.

"राहू दे," ते म्हणाले. "पाह्यतो त खरं कसा बनोला."

पहिल्या दिवशी त्यांनी एक भाग जोडला. तो उलटा लागला. दुसऱ्या दिवशी तो सोडवला. तिसऱ्या दिवशी सरळ लावला. चिमटा उजव्या हातात धरला की टोक थरथरत असे, म्हणून ते कोपर टेबलाला टेकवत, श्वास सोडत आणि मग हात पुढे नेत. एप्रिलअखेर दिवसाला दोन भाग, जूनमध्ये चार. मधे एकदा रणगाड्याच्या अंगावर लावायची बोटाच्या पेराएवढी कुदळ चिमट्यातून उडाली. गीताबाईंनी तीन दिवस घर झाडताना केरात शोधली. ती सापडली नाही. उत्तमरावांनी नोंदवहीत लिहिलं, 'कुदळ एक, हरवली.'

चाकांपाशी मात्र ते संतापले. या रणगाड्याची चाकं शेजारी शेजारी नव्हती, एकमेकांच्या पोटात घातलेली होती.

"आतलं एक चाक खराब झालं त बाहेरची किती काढा लागतीन?" त्यांनी गीताबाईंना विचारलं. त्या मिरच्या निवडत होत्या.

"किती?"

"लय. अन् वरून गोळ्या चालू. ज्यानं हे डिझाइन काढलं, त्यानं कधी चाक बदललं नसन."

"सांगा मंग त्याले," गीताबाई म्हणाल्या.

पण ड्रायव्हरच्या जागेवर आले तेव्हा त्यांचा राग मागे पडला. टी-बहात्तरमध्ये दोन दांडे असतात, डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. या जर्मन गाडीत चक्क गोल स्टेअरिंग होतं, जीपसारखं. उत्तमरावांनी ते चिमट्याने बसवलं आणि दिवसभर दुसरा भाग जोडला नाही. आतला भाग त्यांनी स्वतःच ब्रशने पांढरा रंगवला. रेषा वाकड्या गेल्या. मग वरचं झाकण चिकटवलं, आणि आतलं सगळं कायमचं बंद झालं. फक्त ड्रायव्हरच्या डोक्यावरची झडप त्यांनी सुटी ठेवली.

बाहेरचा रंग थरथरत्या हाताचं काम नव्हतं. उत्तमरावांनी सईद पेंटरला फोन केला, की एक टँक रंगवायचा आहे. सईद दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आला.

सईद पन्नाशीचा होता. स्टँडजवळ त्याचं दुकान होतं. पूर्वी तो दुकानांच्या पाट्या लिहायचा, ट्रॉल्यांच्या फाळक्यांवर मोर काढायचा. फ्लेक्स आल्यावर पाट्या गेल्या. आता तो बहुतेक रेडियमच्या नंबरप्लेटा करी. मोटरसायकलच्या टाक्या रंगवायची छोटी स्प्रेगन मात्र त्याने जपून ठेवली होती.

"कोठी हाये टाकी?" त्याने गच्चीकडे पाहत विचारलं.

उत्तमरावांनी टेबलाकडे बोट केलं. सईदने शिडी भिंतीला लावली, चष्मा पुसला आणि रणगाड्याभोवती एक फेरी मारली.

"कलर कोणता?"

"हळदीसारखा, पण मळकट. त्याच्यावर शेवाळी अन् तांबडे पट्टे. नवा दिसला नाई पाह्यजे."

"नवा नाई म्हणजे?"

"वापरलेला."

सईदने मान डोलावली, पण त्याला ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो सामान घेऊन आला. तीस वर्षांच्या सवयीने त्याने आधी थिनरमध्ये फडकं बुडवलं आणि रणगाडा पुसायला घेतला. तो थिनर पत्र्यासाठी होता. पुढचं डावं मडगार्ड फडक्याखाली मऊ झालं, खाली लोंबलं आणि तसंच राहिलं.

दोघांनी ते पाहिलं. सईदने फडकं डब्यात टाकलं, डब्याला झाकण लावलं. "माफ करा, भाऊ," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. शिडी विसरला. नंतर चार दिवस त्याने फोन उचलला नाही.

उत्तमराव त्या मडगार्डाकडे चार दिवस पाहत होते. पहिल्या दिवशी त्यांना राग आला होता. सहा महिन्यांची मेहनत होती. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना त्यांची स्वतःची पहिली गाडी आठवायला लागली. नवी मिळाली, आणि आठवड्याच्या आत त्यांनी ती खेजडीच्या झाडाला घासली होती. मडगार्ड असंच लोंबलं होतं. गाडी शिकवणारे उस्ताद शिव्या देऊन झाल्यावर म्हणाले होते, की आता ही गाडी तुझी झाली.

पाचव्या दिवशी त्यांनी काठी घेतली आणि स्टँडकडे निघाले. फेब्रुवारीनंतर ते गल्लीच्या टोकापलीकडे गेले नव्हते. वाटेत दोनदा थांबले, एकदा पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसले. दुकानात पोचले तेव्हा सईद एका ट्रॅक्टरचा नंबर कापत होता. त्याने घाईने स्टूल पुढे केलं.

"तुमी काऊन आले पायी? मी येणारच होतो."

"कधी?"

सईदने हातातलं पातं खाली ठेवलं.

"मडगार्ड बरोबर झालं," उत्तमराव म्हणाले.

"कायचं बरोबर, भाऊ. जाळलं म्या ते."

"खऱ्या गाडीचं असंच होते. पहिल्या आठवड्यात. पूर्ण गाडीत तेवढंच एक खरं दिसून राह्यलं आता."

सईदने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस समजूत घालायला आला असेल, असं त्याला वाटलं होतं. पण उत्तमरावांना समजूत घालता येत नसे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"मले जुनं करता येत नाई," सईद शेवटी म्हणाला. "तीस वर्षं झाले. लोक जुनं आनतात, नवं करून दे म्हनतात. चमक पाह्यजे सगळ्यायले. माझा हातच तिकडं जाते. गंज कसा रंगवाचा, मले मालूम नाई."

"मंग पाहून येऊ," उत्तमराव म्हणाले.

गावाबाहेर चिखली रस्त्याला अकीलचं भंगाराचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी सईदच्या मोटरसायकलवर दोघं तिथे गेले. मागच्या बाजूला एका जुन्या मळणीयंत्राचं धूड आणि एक बिनइंजिनाचा ट्रॅक्टर पडला होता. ते ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. पंधरा मिनिटांनी अकील बाहेर आला.

"काय पाह्यजे?"

"काई नाई," सईद म्हणाला.

"मंग काय पाहून राह्यले?"

"गंज."

अकीलने थोडा वेळ स्वतःही गंजाकडे पाहिलं. मग आत जाऊन दोन खुर्च्या आणून दिल्या.

सईद त्या ट्रॅक्टरपुढे तासभर बसला. गंज सगळीकडे सारखा नसतो, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. तो बोल्टाखालून निघतो आणि पाण्याच्या वाटेने खाली उतरतो. जिथे हात लागतो तिथे रंग उडतो, पण गंज धरत नाही, लोखंड काळं चकचकीत होतं. उत्तमरावांनी काठीने दाखवलं, की ड्रायव्हर चढताना पाय कुठे पडतो, कुठे तेल सांडतं. सईद नंबरप्लेटच्या कागदामागे पेन्सिलीने काढून घेत होता.

"एक विचारू का, भाऊ?" तो मधेच म्हणाला. "हे जर्मन खराब लोक होते ना?"

"होते. लय खराब."

"मंग यायची गाडी आपन काऊन बनवून राह्यलो?"

उत्तमरावांनी याचा विचार केला नव्हता असं नाही.

"पोरीनं पाठोली म्हणून," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "चमकली असती त मी बनोली नसती. चिखलात फसलेली बनवू. सोडून देलेली."

रंगाला तीन आठवडे लागले. सईद दुपारी दुकान बंद करून येई. हळदी रंग दिला, पट्टे मारले, बाजूला काळा क्रॉस काढला. मग एका सकाळी त्याने सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि एका बोल्टाखाली केसाएवढी तांबूस रेघ ओढली. ती बोटाने किंचित खाली पुसली. मागे सरकून पाहिलं. मग दुसऱ्या बोल्टाकडे वळला. त्या दिवशी तो जेवायला घरी गेला नाही. बायकोचा, सायराचा फोन आला तेव्हा म्हणाला, गंज लावून राह्यलो, येतो.

चिखलासाठी उत्तमरावांनी वावरातली माती आणली आणि गीताबाईंच्या मैद्याच्या चाळणीने चाळली. गीताबाईंनी नवी चाळणी घेतली.

"आपली काळी माती चालन का?" सईदने विचारलं. "ते त रशियात फसले होते."

"तठीबी काळीच आहे म्हनतात."

गोंदात कालवलेली माती चाकांच्या मधल्या सांदीत भरली. चाकं एकमेकांच्या पोटात होती, त्यामुळे माती चांगली बसली आणि निघेना. उत्तमरावांनी समाधानाने मान हलवली. या चाकांचं काही खरं नाही, हेच तर ते म्हणत आले होते.

दसऱ्याला गीताबाईंनी स्कूटी, फवारणीचा पंप आणि विळे-कोयते ओळीने मांडून पूजा केली. रणगाडाही घरातलं वाहन, म्हणून शेवटी ठेवला. स्कूटीवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि तेच बोट रणगाड्याकडे नेलं. उत्तमरावांनी त्यांचा हात धरला. उजव्या हाताने धरला.

"याच्यावर ते नको."

"काऊन? शुभ असते."

"आपलं शुभ आहे. या लोकायनं तसंच चिन्ह घेतलं अन् त्याच्याखाली लाखो मानसं मारले. लेकरंबी."

गीताबाईंनी बोट मागे घेतलं. कुंकू पदराला पुसलं.

"गाडीचा काय गुन्हा मंग," त्या म्हणाल्या. मग त्यांनी रणगाड्यापुढे पाटावर झेंडूचं एक फूल ठेवलं, त्याला टेकवलं नाही.

दिवाळीला अनुपमा आली. टेबलाजवळ खुर्ची ओढून ती बराच वेळ बघत बसली. सईदही आला होता, शिडी न्यायला. तो दारातच उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"हा गंज खरा आहे का?" तिने विचारलं.

"नाई," सईद म्हणाला, आणि खाली बसला.

अनुपमाने वाकून उघड्या झडपेतून आत पाहिलं. मोबाइलचा उजेड टाकला. आत पांढऱ्या वाकड्या रेषा, सीट आणि ते गोल स्टेअरिंग दिसलं.

"इथे बसायचे तुम्ही?"

"आमची जागा मधात होती. यायची डाव्या हाताले."

"झडप बंद झाली की दिसायचं कसं?"

लहानपणी तिने कधी विचारलं नव्हतं. गावातल्या लोकांनी विचारलं होतं ते एवढंच, की कोणाला मारलं का. उत्तमरावांनी कोणाला मारलं नव्हतं. दोन हजार दोनमध्ये ते दहा महिने सीमेवर उभे होते, इंजिन रोज गरम करून बंद करत होते, आणि लढाई न होता परत आले होते. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नसे.

"एक काच राह्यते," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात डोळ्यांपुढे आणून पट्टी दाखवली. उजवा किंचित हलत होता. "एवढी. त्याच्यातून जेवढं दिसलं तेवढंच जग. बाकी वर बसलेला कमांडर सांगते, डावे, उजवे, थांब."

"आणि दहा महिने तुम्ही त्यातून काय बघत होतात?"

"एक बाभूळ," उत्तमराव म्हणाले.

गीताबाई स्वयंपाकघरातून चिवड्याच्या बश्या घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. उत्तमराव त्या बाभळीबद्दल सांगू लागले, मग तिच्याखाली येणाऱ्या शेळ्यांबद्दल, मग वर बसणाऱ्या केरळच्या कमांडरबद्दल, ज्याला रोज सकाळी भाताची पेज लागे आणि मिळत नसे. ते फार चांगलं सांगत नव्हते. मधे थांबत होते, नावं विसरत होते. गीताबाईंनी बश्या खाली ठेवल्या आणि सईदच्या शेजारी स्टुलावर बसल्या.