बॅटरीतली धूळ

हिरवा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो... बॅटरी दाराशी पाटावर, घरचा मोठा पाहुणा जेवायला बसावा तशी. चाळीत खाली चार्जिंगची सोय नाही, म्हणून दीपिका शाळेतून आली की स्कूटरच्या पोटातली ही काळी पेटी उपसते आणि धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आणते. फरशीला ओल असते म्हणून पाट तिच्या आईने, कौसल्यानेच दिलेला. रोज ती कौतुकाने बॅटरी पुसायची. आज फडकं हातातच राहिलं.

कालपर्यंत केवढा तोरा होता! लेकीने विजेवरची गाडी घेतली ती आईच्या छातीसाठी, धूर नको म्हणून — हे कौसल्याने सगळ्या गॅलरीला ऐकवून झालं होतं. शेजारची मालन तर वैतागून म्हणालीसुद्धा, "कळलं गो बाय, विमान घेतलंय तुझ्या पोरीनं." आणि काल संध्याकाळी दीपिका वर्गासाठी धडा तयार करत बसली, तेव्हा तिच्या फोनवर ती बाई दिसली... काँगोतली. पाठीला पोर बांधलेलं, गुडघाभर लालसर पाण्यात वाकून दगड धुणारी. या दगडांतून कोबाल्ट निघतं, दीपिका सांगत होती, आपल्याही बॅटरीत ते आहे, तिथल्या नदीत आता मासा उरला नाही, खाणी ढासळतात, माणसं आतच राहतात. कौसल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बाई मध्येच थांबून खोकली होती, आणि खोकून झाल्यावर तिने मनगटाने तोंड पुसलं होतं —

राजाराम तसंच पुसायचे. गिरणीतून घरी आले की भुवयांवर कापूस, कानांच्या पाळ्यांवर कापूस... भर तरुणपणी नवरा म्हातारा दिसतो म्हणून बायका तिची थट्टा करायच्या. मग खोकला. तंबाखू सोडा, डॉक्टर सांगायचे — ज्या माणसाने कधी तंबाखूला हात लावला नाही त्याला! गिरणी बंद पडली, खोकला चालूच राहिला, आणि एक दिवस तोही थांबला. त्या गिरणीच्या कापडाचे शर्ट घालून कुणीतरी इस्त्रीबिस्त्री करून लग्नाला गेलं असेल. त्या न पाहिलेल्या माणसांना मी किती शिव्या दिल्या... मनातल्या मनात, भांडी घासताना. आणि आता त्या बाईच्या लेखी मी कोण?

सकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी जीभ अडली. दुसऱ्याने न दिलेलं घेणार नाही... लग्नाआधीपासून घडाघडा म्हणत आलेलं. बाई, तू दिलंस का गं हे?

"आई, आटप ना. दवाखान्यात नंबर जाईल."

"मी बसनं येते."

"बसनं? मागच्या वेळी पुलाखालच्या धुरात जीव घाबरा झालेला तुझा, विसरलीस?" दीपिका वायर काढता काढता थांबली. "त्या बाईचं मनाला लावून घेतलंस ना? अगं, तू बसनं गेलीस म्हणून तिचा खोकला थांबणारे का?"

"नाही गं."

"मग?"

"तिचं नाव सांगितलं का त्यांनी?"

दीपिकाने वायर गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "नाही."

खाली उतरून कौसल्या निमूट मागे बसली. लेकीचं चुकलं असं म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि बरोबर आहे म्हणायलाही.

हिंदमातेच्या सिग्नलला गाडी थांबली. ना आवाज, ना धूर. साड्यांच्या दुकानांतून कोऱ्या कापडाचा वास आला. दीपिकाच्या खांद्यावर हात ठेवून कौसल्याने खोल श्वास घेतला... इतका सहज आला की तिला लाज वाटली. तिने तो तसाच धरून ठेवला. सोडला की पुढचा घ्यावा लागणार, आणि तो कुणाच्या वाटचा असेल? डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत ती तशीच बसून राहिली, हट्टी पोरीसारखी. मग छातीने आपणहून तो सोडला, पुढचा घेतलासुद्धा. कौसल्याला स्वतःच्याच छातीचा संताप आला — आणि जगायचं होतं, म्हणून बरंही वाटलं.